मदरबोर्डचे बायोस अपडेट कारण पाहून करावे

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हापासून सोलापुरातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एक प्रश्न सतत कानावर पडतो. मदरबोर्डचे बायोस अपडेट करून घ्यावे की आहे तसेच राहू द्यावे? या प्रश्नाला आपल्या शहरात दोनच ठरावीक उत्तरे मिळतात. जुने कारागीर सांगतात की यंत्र चालू आहे तोवर बायोसला हात लावू नये, बोर्ड गेला तर कोणी विचारणार नाही. नवी मुले सांगतात की कंपनीने नवी आवृत्ती काढली म्हणजे ती टाकलीच पाहिजे. वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक मजकुरातही बहुधा हाच दुसरा सल्ला एका ओळीत उरकलेला असतो. टॉवेल-चादरीच्या डिझाइनची कार्यालये, करसल्लागार आणि काही छोटे दवाखाने यांच्या संगणकांची देखभाल करणे हा माझा व्यवसाय आहे, आणि माझ्या मते ही दोन्ही उत्तरे आळसातून आलेली आहेत, कारण समोरचे यंत्र कोणते हे पाहण्याची तसदी दोन्हींत घेतलेली नसते. नव्या आवृत्तीत नेमके काय बदलले आहे आणि त्यातले काही आपल्या यंत्राला लागू पडते का, हे वाचून मग निर्णय घ्यावा. आणि ते वाचता येण्यासाठी ग्राहकाला जी माहिती हवी ती विक्रेत्यांनी बिलावरच द्यावी, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्या वाचकांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावर, बहुधा आठ पायांची एक लहानशी चिप असते, आजच्या बहुतेक बोर्डांवर ती १६ किंवा ३२ मेगाबाइटची असते, आणि संगणकाचे बटण दाबल्याबरोबर प्रोसेसर सुरुवातीच्या काही क्षणांतच तिच्यातला प्रोग्रॅम चालवू लागतो. रॅम ओळखणे, तिचा वेग ठरवणे, प्रोसेसरला किती व्होल्टेज द्यायचे ते ठरवणे, डिस्क शोधून पुढचे काम विंडोजच्या हवाली करणे, ही सगळी कामे या प्रोग्रॅमची. यालाच बायोस म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या आजच्या बोर्डांवर जुने बायोस नसून त्याची जागा घेणारे यूईएफआय असते, पण दुकानात सगळे बायोसच म्हणतात आणि मीही तेच म्हणेन.

जुन्या कारागिरांची भीती खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरातल्या असंख्य संगणकांच्या डिस्कवरील माहिती पुसली आणि काही विशिष्ट बोर्डांच्या बायोस चिपवर निरर्थक मजकूर लिहून ते बोर्डच निकामी केले, तेव्हा या चिपमधला मजकूर बिघडला तर काय होते हे सर्वांनी पाहिले. संगणक सुरूच होत नाही, म्हणून तो दुरुस्त करण्यासाठी लागणारा प्रोग्रॅमही त्यावर चालवता येत नाही. त्या काळी पुष्कळ बोर्डांवर ही चिप सॉकेटमध्ये बसवलेली असे, त्यामुळे ती काढून दुसरी बसवता येई. पुढे ती बोर्डावर थेट डाग देऊन बसवली जाऊ लागली आणि तो मार्गही अवघड झाला. त्यात उन्हाळ्यातली दुपारची वीज, वळिवाच्या पहिल्या सरीबरोबर जाणारा एखादा फेज आणि नावापुरता उरलेला यूपीएस या गोष्टी आपल्याकडे कोणालाच नव्या नाहीत. चिपवरचा जुना मजकूर पुसला गेला आहे आणि नवा अर्धाच लिहून झाला आहे, अशा क्षणी वीज गेली की बोर्ड मृत. दुकानदाराला अपडेटचे मिळणार दोन-तीनशे रुपये आणि बोर्ड गेला तर भरून द्यावे लागणार कित्येक हजार, अशा व्यवहारात त्याने नकार देणे शहाणपणाचेच होते.

परंतु ज्या परिस्थितीतून हा नियम जन्मला ती पुष्कळ बदलली आहे. मध्यम किमतीच्या अनेक बोर्डांवर आता फ्लॅशबॅकचे बटण असते. ठरावीक यूएसबी खाचेत योग्य नाव दिलेली फाइल असलेला पेन ड्राइव्ह लावून हे बटण दाबले की प्रोसेसर आणि रॅम बसवलेले नसतानाही चिपवर नवा मजकूर लिहिला जातो, म्हणजेच अर्धवट राहिलेले अपडेट पुन्हा करता येते. काही बोर्डांवर दोन चिपा असतात आणि एक बिघडली तर दुसरीवरून संगणक सुरू होतो. आणि लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या ज्या कारागिरांकडे चिपवर मजकूर लिहिणारे प्रोग्रॅमर नावाचे उपकरण आणि चिपला लावायची क्लिप आहे, ते चिप न काढताही तिच्यावर मूळ मजकूर पुन्हा लिहू शकतात. धोका शून्य झाला आहे असे मी म्हणत नाही. स्वस्तातल्या बोर्डांवर फ्लॅशबॅकचे बटण किंवा दुसरी चिप बहुधा नसते, आणि आपल्याकडे सर्वाधिक खपतात ते हेच बोर्ड. पण आपल्या बोर्डावर परतीची वाट आहे की नाही, हे बोर्डासोबतच्या पुस्तिकेत पाच मिनिटांत पाहता येते, आणि निर्णय घेताना ते पाहिलेच पाहिजे.

बदललेली दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पूर्वी बायोसच्या नव्या आवृत्तीत फार तर मोठ्या डिस्कची किंवा नव्या प्रोसेसरची ओळख भरलेली असे, आणि ज्याला ती नको त्याने अपडेट केले नाही तरी काही बिघडत नसे. आज त्याच फाइलमध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीकडून आलेला मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कामाच्या सूचना, असतो, एएमडी या प्रोसेसर कंपनीच्या बाबतीत प्रोसेसर आणि रॅम सुरू करणारा एजेसा नावाचा भाग असतो, आणि प्रोसेसरला किती व्होल्टेज मिळावे याचे नियम त्यातूनच ठरतात. हे नियमच चुकलेले असतील तर संगणक वरकरणी उत्तम चालत राहतो आणि आतून प्रोसेसर झिजत जातो.

ही कल्पनेतली भीती नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांविषयी २०२४ मध्ये तक्रारी वाढल्या, तेव्हा चुकीच्या मायक्रोकोडमुळे प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत असल्याचे कंपनीने स्वतः सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी या क्रमांकांचे मायक्रोकोड आले, आणि ते ग्राहकापर्यंत प्रामुख्याने मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधूनच पोहोचले. मध्येच प्रोग्रॅम बंद पडणे, झिप फाइल उघडताना चूक येणे, ग्राफिक कार्डाची मेमरी शिल्लक असूनही ती संपल्याचा संदेश येणे, अशी याची लक्षणे होती, आणि ती पाहून कोणी रॅम बदलली, कोणी विंडोज पुन्हा टाकली. यातली खरी मेख अशी की एकदा झिजलेला प्रोसेसर नव्या मायक्रोकोडने बरा होत नाही. पुढची झीज तेवढी टळते. म्हणून कंपनीने या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे या दोन पिढ्यांतील ६५ वॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेचा डेस्कटॉप प्रोसेसर आहे आणि बोर्डाचे बायोस ऑगस्ट २०२४ च्या आधीचे आहे, त्यांना ‘चालतंय ना, मग राहू द्या’ हा सल्ला देणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे होय. या एका बाबतीत मी दुकानदाराशी वाद घालायलाही तयार आहे.

एएमडीची गोष्टही अशीच आहे. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतील एक्स३डी प्रोसेसर काही बोर्डांवर अक्षरशः जळाल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रक वगैरे भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घालणारे एजेसा दिले आणि बोर्ड उत्पादकांनी ते बायोसमधून वाटले. त्या वेळी असूस या बोर्ड उत्पादकाने काही आवृत्त्या ‘बीटा’, म्हणजे चाचणीच्या टप्प्यातल्या, म्हणून दिल्या होत्या आणि त्यांच्याखाली हमी रद्द होण्याचा इशारा होता. म्हणजे ग्राहकाने अपडेट केले नाही तर प्रोसेसर जाण्याची भीती आणि केले तर हमी जाण्याची भीती! बरीच टीका झाल्यावर बीटा बायोस टाकले तरी हमी कायम राहील असे कंपनीने जाहीर केले. ग्राहक गप्प बसले असते तर हे घडले नसते, हे आपल्याकडच्या ग्राहकांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इतके वाचून कोणी आज संध्याकाळीच घरातले सगळे संगणक अपडेट करायला बसेल, म्हणून आता दुसरी बाजू. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या आणि घाईने मायक्रोकोड आले. त्याच महिन्याच्या २२ तारखेला इंटेलने स्वतःच सांगितले की हे अपडेट टाकणे तूर्त थांबवा, कारण हॅसवेल आणि ब्रॉडवेल पिढीचे संगणक त्यामुळे आपोआप पुन्हा सुरू होत आहेत. पहिल्या दिवशी धावत सुटलेल्यांना त्रास झाला आणि थोडे थांबलेल्यांना झाला नाही. म्हणून प्रोसेसरला इजा पोहोचण्यासारखे कारण नसेल, तर नवी आवृत्ती आल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि उत्पादकाने ती मागे घेतलेली नाही हे पाहून मगच टाकावी, असे मी माझ्या ग्राहकांना सांगतो. बीटा असे लिहिलेली आवृत्ती तर विशिष्ट कारणाशिवाय टाकूच नये.

नवी आवृत्ती जुन्यापेक्षा सर्व बाबतींत सरस असते, हाही गैरसमज आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेट असलेल्या बोर्डांवर, विशेषतः १६ मेगाबाइटची चिप असलेल्या बोर्डांवर, रायझन ५००० मालिकेला जागा करून देण्यासाठी काही उत्पादकांनी काही जुने प्रोसेसर चालवण्याची सोयच काढून टाकली. आपल्याकडे ए३२० आणि बी४५० चे बोर्ड अजून मुबलक वापरात आहेत आणि त्यांवर जुना प्रोसेसर काढून रायझन ५ ५६०० बसवणे हा परवडणारा बदल मानला जातो. हा बदल करणाऱ्याला अपडेट अटळ आहे आणि ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करून घ्यावे लागते. आधी नवा बसवला तर पडद्यावर काहीच येत नाही आणि बोर्ड बिघडला असे समजून माणूस दुकान गाठतो. पण ज्याला प्रोसेसर बदलायचाच नाही आणि ज्याचा प्रोसेसर त्या वगळलेल्या यादीत आहे, त्याने तेच अपडेट केले तर त्याचे चांगले चाललेले यंत्र बंद पडेल. बोर्ड तोच आणि फाइलही तीच असूनही निर्णय मात्र दोघांसाठी उलटा आहे. शिवाय काही आवृत्त्या अशा असतात की त्या टाकल्यावर पुन्हा मागच्या आवृत्तीवर येता येत नाही, आणि उत्पादकाच्या टिपणात ते बहुधा स्पष्ट लिहिलेले असते.

उत्पादकांच्या या टिपणांविषयी माझी एक तक्रार आहे. ‘यंत्रणेची स्थिरता वाढवली’ एवढेच लिहून पुष्कळ आवृत्त्या प्रसिद्ध होतात. कशाची स्थिरता, कोणत्या प्रोसेसरवर, कोणत्या रॅमसोबत, हे लिहायला काय हरकत असते कोण जाणे. अशा मोघम टिपणावर मी सहसा विसंबत नाही आणि संगणकात काही दोष दिसत नसेल तर ती आवृत्ती सोडून देतो.

सुरक्षिततेचे कारण सर्वांत जास्त पुढे केले जाते, त्यात तारतम्य ठेवावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये बायनार्ली या संस्थेच्या संशोधकांनी लोगोफेल नावाच्या त्रुटी उघड केल्या. संगणक सुरू होताना कंपनीचे जे बोधचिन्ह दिसते त्याचे चित्र वाचणाऱ्या भागातच दोष होता, आणि बनावट चित्र ठेवून विंडोज सुरू होण्यापूर्वीच घातक प्रोग्रॅम चालवता येत होता. असा प्रोग्रॅम विंडोज नव्याने टाकली तरी जाईलच असे नाही, म्हणून बातमीला भडक मथळे मिळाले. परंतु ते चित्र ठेवण्यासाठी हल्लेखोराला आधी त्या संगणकावर प्रशासकाचे अधिकार मिळवावे लागतात, आणि ज्याने ते मिळवले त्याला घरगुती माणसाचे बँकेचे पासवर्ड चोरण्यासाठी एवढ्या खोलात शिरायची गरज नसते. तेव्हा घरच्या संगणकासाठी हे कारण सवडीने अपडेट करण्याचे आहे, घाईचे नाही. जिथे रुग्णांची किंवा अशिलांची माहिती साठवलेली असते तिथे मात्र मी ते पुढे ढकलत नाही.

उत्पादकांचे आपोआप अपडेट करणारे प्रोग्रॅम तर मी बंदच ठेवतो. मे २०२३ मध्ये इक्लिप्सियम या संस्थेने दाखवून दिले की गिगाबाइट या बोर्ड उत्पादक कंपनीच्या २७० हून अधिक मॉडेलांच्या फर्मवेअरमध्ये (म्हणजे बायोसमध्येच) असा एक भाग होता, जो विंडोज सुरू होताना स्वतःहून इंटरनेटवरून प्रोग्रॅम उतरवून चालवत असे आणि उतरवताना पुरेशी पडताळणी करत नसे. कंपनीने दोष दूर केला, पण दोष बायोसमध्ये असल्यामुळे उपायही बायोस अपडेटच होता! आपोआप होणाऱ्या अपडेटच्या नादी न लागता अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः फाइल उतरवून घेणे बरे, असे मला वाटते ते यामुळे.

सध्या दुकानांत सर्वाधिक गोंधळ आहे तो विंडोज ११ आणि सिक्युअर बूट यांवरून. विंडोज ११ ला टीपीएम २.०, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपून ठेवणारी सोय, लागते, आणि ‘तुमचा संगणक पात्र नाही’ असा संदेश आला की काही ठिकाणी ग्राहकाला थेट नवा संगणक घ्यायला सांगितले जाते, काही ठिकाणी अपडेटचे पैसे आकारले जातात. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या आणि रायझन २००० पासूनच्या बहुतेक बोर्डांवर ही सोय बायोसमध्ये आधीपासूनच असते, फक्त बंद असते. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने ती सापडते. ती चालू करायला अपडेट लागत नाही. अपवाद म्हणून सांगतो: एएमडीच्या काही यंत्रांवर एफटीपीएम चालू केल्यावर संगणक मध्येच क्षणभर अडखळे, हे कंपनीने २०२२ मध्ये मान्य करून त्यावर बायोसमधून उपाय दिला. ज्यांना तसा अनुभव येत असेल त्यांना अपडेटचे नेमके कारण मिळाले असे समजावे.

संगणक सुरू होताना फक्त विश्वासू प्रोग्रॅमच चालू देणाऱ्या सिक्युअर बूटची २०११ मधली प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात, हेही खरे आहे. त्यावरून ‘त्या दिवसानंतर संगणक सुरूच होणार नाही’ अशी जी आवई काही जण उठवत आहेत ती मात्र निराधार आहे. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्याप्रमाणे संगणक सुरू होत राहील आणि विंडोजची नेहमीची अपडेटही येत राहतील. संगणक सुरू होण्याच्या टप्प्यावरील सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या तेवढ्या मिळणार नाहीत. बहुतेक यंत्रांना २०२३ ची नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधूनच मिळतात, काहींना मात्र आधी बोर्ड उत्पादकाचे फर्मवेअर लागते. आपला बोर्ड कोणत्या गटात बसतो ते उत्पादकाच्या पानावर पाहावे आणि त्याप्रमाणे वागावे.

आता खास आपल्या शहराविषयी. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत आणि पूर्व भागातल्या कारखान्यांत जकार्डसाठी, म्हणजे मागावरच्या नक्षीसाठी, डिझाइन तयार करणारे जुने संगणक अजून आहेत. त्यांवर विंडोजची जुनी आवृत्ती असते, एखादे जुने कार्ड किंवा डाँगल (प्रोग्रॅमच्या परवान्यासाठी पोर्टला लावायचे छोटे उपकरण) असते, आणि त्याच्याशिवाय डिझाइनचा प्रोग्रॅम उघडत नाही. हा संगणक इंटरनेटला जोडलेला नसतो, त्यात नवा प्रोसेसर कोणी बसवणार नसते, आणि तो बंद पडला तर त्या प्रोग्रॅमचा विक्रेताही आता धंद्यात असेल याची खात्री नसते. अशा यंत्राच्या बायोसला हात लावण्याचे एकही कारण मला दिसत नाही. सेटिंग मूळपदावर गेले आणि जुन्या पोर्टचा पत्ता बदलला तरी डाँगल ओळखले जाणार नाही आणि माग थांबेल. त्यापेक्षा त्या डिस्कची प्रत काढून ठेवावी आणि बोर्डावरचा तीन व्होल्टचा सीआर२०३२ सेल वेळेवर बदलावा. या यंत्रांच्या बाबतीत जुन्या कारागिरांचा सल्ला मी शब्दशः पाळतो.

करसल्लागारांच्या आणि हिशेबनिसांच्या कार्यालयांत प्रश्न वेगळा आहे. तिथे बोर्ड मृत होण्यापेक्षा बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीचा, धोका मोठा, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. अनेक नव्या लॅपटॉपांवर विंडोज ११ डिस्क आपोआप कूटबद्ध करून ठेवते. बायोस बदलले की टीपीएमला यंत्र अनोळखी वाटू शकते आणि पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ही की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन झालेली असते, पण ते खाते लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या मुलाने घाईत स्वतःच्याच एखाद्या ईमेलवर उघडून दिलेले असले तर? बायोस व्यवस्थित अपडेट झालेले असते, यंत्र धडधाकट असते, आणि सगळ्या अशिलांची कागदपत्रे मात्र कायमची बंद. म्हणून अपडेटपूर्वी की शोधून कागदावर उतरवून घ्यावी आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. हे करता आले नाही तर अपडेट करू नये. आणि जीएसटीच्या विवरणपत्राची २० तारीख तोंडावर असताना तर हा उद्योग मुळीच करू नये.

प्रत्यक्ष अपडेट करताना पाळायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्यांतली एकही गाळून चालत नाही. बोर्डाचे नाव अचूक हवे आणि आवृत्तीही. एकाच नावाच्या बोर्डाच्या १.० आणि १.१ अशा दोन आवृत्त्यांना वेगवेगळ्या फाइली लागू शकतात, आणि ती आवृत्ती बोर्डावरच कोपऱ्यात छापलेली असते. सध्याच्या बायोसचा क्रमांक आणि तारीख विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडले की दिसते. अपडेट विंडोजमधून न करता फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन बायोसच्या पडद्यातूनच करावे. यूपीएस आहे एवढ्यावर समाधान मानू नये; आधीच त्याची भिंतीतली पिन काढून तो संगणकाला दहा मिनिटे तरी तग धरू देतो का ते पाहावे, कारण आपल्याकडच्या कार्यालयांतल्या यूपीएसच्या बॅटऱ्या कित्येकदा केवळ शोभेच्या उरलेल्या असतात. लॅपटॉपला चार्जर लावलेला असावा. त्याच्यासाठी फाइल त्या लॅपटॉपच्या कंपनीचीच लागते, ती बहुधा विंडोज अपडेटमधूनही येते, आणि त्यामुळे लॅपटॉपधारकांना निवड करण्याची वेळ तुलनेने कमी येते. बायोसमधल्या सेटिंगची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण अपडेटनंतर ती बहुधा मूळपदावर जातात: रॅमचा एक्सएमपी वेग, डिस्कची एएचसीआय किंवा रेड पद्धत, पंख्यांचा वेग, सगळेच. डिस्कची पद्धत बदलली गेली तर विंडोज सुरू होत नाही आणि बोर्ड गेला अशी समजूत होते.

एक धोका मात्र नवा आहे आणि तो माहीत नसल्यामुळे चांगले बोर्ड बिघडतात. डीडीआर५ रॅम असलेल्या यंत्रांवर अपडेटनंतरच्या पहिल्या सुरुवातीला रॅमची जुळणी पुन्हा केली जाते आणि त्या वेळी पडदा काही मिनिटे पूर्ण काळा राहू शकतो. लिहिण्याचे कामच अजून चालू आहे की ते संपून जुळणी सुरू आहे, हे बाहेरून कळत नाही. अशा वेळी घाबरून बटण दाबून धरणारा माणूस वीज जाण्याइतकेच नुकसान करू शकतो. अर्धा तास उलटेपर्यंत यंत्राला हात लावू नये.

शेवटी शहरातल्या विक्रेत्यांना उद्देशून. सुटे भाग जोडून संगणक विकताना बिलावर ‘मदरबोर्ड – १ नग’ एवढेच लिहिण्याची पद्धत सर्रास आहे. ग्राहकाला स्वतःच्या बोर्डाची नेमकी आवृत्ती पेटी उघडल्याशिवाय बहुधा कळत नाही, आणि पेटीवरचे सील तोडले तर हमी जाईल अशी तंबी त्याला आधीच मिळालेली असते. बिलावर बोर्डाचे पूर्ण नाव, त्याची आवृत्ती, विक्रीच्या दिवशी असलेल्या बायोसचा क्रमांक आणि अपडेट करताना बोर्ड बिघडल्यास हमी लागू राहील की नाही, एवढे लिहून द्यावे. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे किंवा रायझनचे एक्स३डी प्रोसेसर ज्यांनी विकले आहेत, त्यांनी जुन्या ग्राहकांना फोन करून बायोसची तारीख तपासायला सांगावे. त्याचे वाजवी शुल्क घेतले तरी कोणाची तक्रार असणार नाही. शहरातल्या संगणक विक्रेत्यांकडून हे होणार आहे का, याची विचारणा आपल्या प्रतिनिधींमार्फत करून तिचे उत्तर आपण प्रसिद्ध करावे, अशी विनंती आहे.

आपला,
संगणक देखभाल व्यावसायिक व नियमित वाचक,
जुळे सोलापूर